मंडळीत माझं नाव कोणी घेत नाही, प्रभूला तरी माझा काय उपयोग?

प्रिय बहीण, जय ख्रिस्त.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला, तुझा नाही गं, तुमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चमधल्या लोकांचा. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन तू सतरंज्या टाकतेस, उपासना संगीतची पुस्तकं काढून ठेवतेस, चहाचं बघतेस, प्रभूभोजन असलं की ते द्राक्षरसाचे इवलेसे कप एकटी धूत बसतेस, बाकीचे तोवर घरी पोचलेले असतात. आणि वार्षिक सभेत सेक्रेटरींनी क्वायरपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले, तुझं नाव तेवढं राहिलं. वर घरी मिस्टर म्हणाले, "तुला तिथे विचारतंय कोण!" आता तू लिहितेस की मला गाता येत नाही, प्रभूने माझ्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभी राहिले की पाय थरथरतात, सोडूनच देते सगळं, आणि असं मनात येणं पाप आहे का.

पाप-बिप काही नाही. राबणाऱ्या माणसाला वाईट वाटतंच.

महिला मंडळात तुला कोणीतरी सांगितलंच असेल, "मार्था नको होऊस, मरिया हो." (हे सांगणाऱ्या बायका चहा मात्र वेळेवर मागतात, असो.) लूकच्या शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायात मार्था पाहुणचारात गुंतलेली, बहीण मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि प्रभू मार्थेलाच टोकतो. पण तिची गोष्ट तिथे संपत नाही. योहानाचा 11 वा अध्याय काढ. भाऊ मेलाय, घरात रडारड चाललीय, आणि हीच स्वयंपाकघरातली मार्था गावाबाहेर जाऊन प्रभूला तोंडावर म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. आणि त्याच बोलण्यात पुढे, तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र, अशी कबुली पण देते. शिष्य पेत्राने दिलेल्या अशाच कबुलीवर आपण किती संदेश ऐकतो, मार्थेच्या कबुलीवर कितीसे ऐकलेत? आणि पुढच्याच अध्यायात बेथानीला जेवण आहे तिथे एवढंच लिहिलंय की मार्था वाढत होती. या वेळी तिला कोणी थांबवलं नाही की बोललं नाही. म्हणजे वाढणारीला प्रभूची ओळख कमी होती असं काही नाही ना.

आपल्याकडचंच बघ. पंडिता रमाबाईंनी केडगावला त्यांच्या मुक्ती मिशन आश्रमात बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या गेल्या 1922 ला, पूर्ण बायबल छापून आलं 1924 ला. ते छापलं कोणी, तर तिथल्याच मुली-बायकांनी, आश्रयाला आलेल्या. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे अक्षराचा ठसा, उचलायचा, काना-मात्रा बघून जुळवायचा, एक खिळा चुकला की वचनाचा अर्थ बदलला. रमाबाईंचं नाव सगळ्यांना पाठ, त्या बायकांची नावं आपल्यातल्या किती जणांना सांगता येतील? आणि खरं सांगू, त्यात मला काही थोर वगैरे वाटत नाही, वाईटच वाटतं. काम मोठं होतं आणि नावं राहायला हवी होती, दोन्ही खरं आहे. तुझं पण तसंच आहे. तुझ्या कामाची किंमत त्या सभेच्या यादीवर ठरत नाही, पण म्हणून यादी करणारे सुटले असं नाही.

तेव्हा गप्प बसून नम्रपणा दाखवू नकोस. पाळकसाहेबांना भेट, रडगाणं नको, सरळ सांग की हे काम मी आनंदाने करते पण एकटीने होत नाही, यूथमधली दोन मुलं पाळीने द्या. मुलंच माग, मुली नको, कप धुवायला त्यांचेही हात चालतात. सभेत आभार राहिले तेही सांग, त्यात लाजण्यासारखं काय आहे? बहुतेक वेळा लोक मुद्दाम करत नाहीत, काम आपोआप होतंय असं त्यांना वाटायला लागतं. महिनाभर सुट्टी घ्यावीशी वाटली तर बिनधास्त घे, किल्ली दुसऱ्याकडे दे आणि उपासनेला नुसती येऊन बस.

साक्षीचं म्हणशील तर उभं राहून बोलायची सक्ती कोणी केलीय? घरसभेत चार जणींत बसल्या बसल्या बोल.

आणि मिस्टरांना एखाद्या रविवारी मागे थांबवून घे, कप पुसायला. पाळक काय म्हणाले ते नक्की कळव.

तुझी,
ताई