वटवाघळाच्या गर्भावर कुणाचं पोट भरतं का?

प्रश्न: माझी मुलगी बारावीला आहे. अकरावीपासून नीटचा क्लास लावलाय, गुणही चांगले पडतात. दिवाळीच्या सुट्टीत तिनं वटवाघळाच्या गर्भांचा एक फोटो छापून आणला, पंखांनी तोंड झाकलेली पिल्लं आहेत त्यात, आणि टेबलासमोर चिकटवला. आता म्हणते, डॉक्टर नाही व्हायचं, आईच्या पोटात हे पंख कसे होतात ते शिकायचंय. तिची आजी तर तो फोटो घरात नकोच म्हणते. मी सहकारी बँकेत नोकरी करतो, यातलं मला काही कळत नाही. वटवाघळाच्या गर्भावर कुणाचं पोट भरतं का? (एक वडील, वर्धा)

उत्तर: नमस्कार. वर्णनावरून तो फोटो डॉरिट हॉकमन यांचा असावा. मोलोसस रुफस नावाच्या वटवाघळाचे ते भ्रूण आहेत आणि 2012 साली निकॉनच्या सूक्ष्मछायाचित्र स्पर्धेत तो गाजला होता. हॉकमन मुळात छायाचित्रकार नाहीत. वटवाघळाचा पंख गर्भात कसा वाढतो, यावर 2008 साली त्यांचा शोधनिबंध आला, तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला संशोधन करत होत्या. म्हणजे तुमच्या मुलीनं भिंतीवर लावलंय ते कुणाचं तरी रोजचं काम आहे.

तिला एवढं काय दिसलं त्यात, हे तुम्हाला कळावं म्हणून थोडं सांगतो. गर्भात सुरुवातीला उंदराचा हात, वटवाघळाचा हात आणि आपला हात जवळजवळ सारखेच असतात, वल्ह्यासारखे चपटे. पुढे आपल्या बोटांमधल्या पडद्याच्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. वटवाघळाची मागच्या पायाची बोटं अशीच सुटी होतात, पण पुढच्या हाताची बोटं लांबच लांब वाढत जातात आणि मधला पडदा राहतो. तोच पंख. एकाच जिवात हाताला एक न्याय आणि पायाला दुसरा. असं का?

2006 साली अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की पंखाच्या पडद्यात पेशींचा मृत्यू रोखणारे रेणू कामाला लागलेले असतात. पडदा मरत नाही, म्हणून उरतो, हे उत्तर बरीच वर्षं चाललं. मग 2025 मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटानं एकेक पेशी वेगळी तपासली, तर पेशी पंखातही मरतच होत्या! पडदा तयार करणाऱ्या पेशी निराळ्याच निघाल्या. एरवी हात फुटताना खांद्याच्या बाजूला सुरुवातीलाच वापरली जाणारी दोन जनुकं, मीस-2 आणि टीबीएक्स-3, त्या पेशी पुढे बोटांमध्ये पुन्हा वापरतात. हीच जनुकं उंदराच्या भ्रूणात तिथं चालू केली, तर त्याची बोटं जुळली. मला स्वतःला ही गोष्ट फार आवडते. एकोणीस वर्षं टिकलेलं उत्तर नव्या साधनानं बदललं, आणि ते साधन निम्मं प्रयोगशाळेत होतं, निम्मं संगणकावर. याकडे मी पुन्हा येईन.

आता तुमचा प्रश्न. ‘वटवाघूळ-भ्रूणतज्ज्ञ’ अशी जाहिरात पेपरात येणार नाही. वटवाघळाला वेताला बहुधा एकच पिल्लू होतं, प्रयोगशाळेत त्यांची पैदास अवघड, शिवाय पकडायला वनखात्याची परवानगी लागते. म्हणून या विषयातली माणसं आधी कोंबडी, उंदीर किंवा झेब्राफिश यांच्यावर हात बसवतात. तुमच्या मुलीनं शिकायचं ते विकासात्मक जीवशास्त्र, म्हणजे एका पेशीपासून अख्खा जीव कसा घडतो त्याचं शास्त्र. वटवाघूळ हा त्यातला तिचा प्रश्न. तो तिनं खुशाल मनात धरून ठेवावा, पण प्रवेश घेताना प्राणी बघू नये, शिक्षण बघावं.

आणि हे परक्यांचं वेड आहे असंही समजू नका. तुमच्यापासून तासा-दीड तासावर, नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक दशकं भारतीय वटवाघळांच्या गर्भावर आणि वारेवर काम केलं. जगभरचे अभ्यासक आजही त्यांचे निबंध वाचतात. बनारस हिंदू विद्यापीठात आपल्याकडच्या आखूड नाकाच्या फळवटवाघळावर काम झालं: हिवाळ्यात त्याच्या भ्रूणाची वाढ मंदावते आणि नंतर पुन्हा वेग घेते. विदर्भातल्या मुलीला या विषयाची ओढ वाटावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

नीट सोडू नका. तिच्या जोडीला आयसरची, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा, आयएटी, द्यायला लावा. जीव, रसायन, भौतिक आणि गणित, प्रत्येकी 15 प्रश्न असतात. तीन विषयांचा अभ्यास तिचा होतोच आहे. तिथं पाच वर्षांचं बीएस-एमएस होतं. नाही जमलं तर चांगल्या महाविद्यालयात प्राणिशास्त्रातून बीएस्सी आणि मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम किंवा गॅट-बी या परीक्षा. ही वाट कमी प्रतीची नाही, फक्त तीत मुलीला स्वतः जास्त धडपडावं लागतं. कुठल्याही वाटेनं गेली तरी प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र शिकू द्या. बर्लिनची गोष्ट त्यासाठीच सांगितली.

पैशाचं स्पष्ट बोलू. पीएचडी होईपर्यंत ती अठ्ठावीस-तिशीला येईल. नेट-जेआरएफ ही परीक्षेतून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, म्हणजे तुमच्यावर भार पडणार नाही, पण डॉक्टर झालेल्या मैत्रिणीशी तुलना घरात कुणी करू नये. कायम नोकरी उशिरा लागते आणि प्रत्येकाला लागत नाही. मात्र भ्रूण हाताळण्याचं कौशल्य वाया जात नाही. 2021 च्या कायद्यानुसार आयव्हीएफ केंद्राला शिकलेला भ्रूणतज्ज्ञ ठेवावाच लागतो.

एक ताकीद तिला माझ्या नावानं द्या: मेलेलं किंवा पडलेलं वटवाघूळ हातात घ्यायचं नाही. 2020 साली महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेला निपा या जीवघेण्या विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. या क्षेत्रातले लोक रेबीजची लस घेऊन, हातमोजे घालून काम करतात.

तिला आताच काही बघायचं असेल, तर शेजारच्या खुडूक कोंबडीखालचं अंडं पाचव्या दिवशी रात्री अंधारात टॉर्चवर धरू द्या. मधोमध कोळ्यासारखा गडद ठिपका आणि त्यातून फुटलेल्या तांबड्या शिरा दिसतात. बघून झालं की लगेच परत कोंबडीखाली. त्या वेळी आजींनाही बोलवा. वटवाघळाबद्दल त्यांचं मन वळवायला माझ्या पत्रापेक्षा ते अंडं बरं.

तिनं अकरावीला गणित घेतलंय की सोडलंय, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं कळवा, आयएटीची तयारी कशी करायची ते त्यावर ठरेल.