जांभ्या दगडाच्या घरासाठी कोणता राउटर?

प्रश्न : आमचे खानापुरातील घर जांभ्या दगडाचे, जुने आहे. फायबर जोडणी ५० एमबीपीएसची आहे. पण माजघरात वायफाय पोहोचत नाही. दोन हजारांच्या आत कोणता राउटर घ्यावा?

उत्तर : आपला राउटर सोप्यात, दाराजवळ असेल, तर आधी लांब लॅन केबल ओढून तो घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवून पाहावा, कारण हातभर जाडीच्या भिंतीतून जाताना लहरींचा जोर बराच ओसरतो आणि नुसत्या जादा अँटेनांनी तो भरून येत नाही. तेवढ्याने भागले नाही, तरच साधा ड्युअल बँड (दोन लहरीपट्ट्यांवर चालणारा) राउटर घ्यावा. त्यातील ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला, तरी भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झच अधिक उपयोगी पडेल. ५० एमबीपीएससाठी गिगाबिट पोर्टवर (१००० एमबीपीएसपर्यंत वेग देणाऱ्या केबलच्या जोडणीवर) जादा पैसे घालू नयेत. त्यापेक्षा केबल टाकून जुना राउटर माजघरात अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलने आलेले इंटरनेट तिथे वायफायने पसरवणारे उपकरण) म्हणून बसवावा, हाच माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय आहे. सुरक्षेसाठी किमान डब्ल्यूपीए२ (वायफायला कुलूप लावणारी सुरक्षापद्धत) हवेच. आपल्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते, म्हणून छोटा डीसी यूपीएसही (वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी) घ्यावा. मात्र राउटर आणि फायबरची पेटी या दोहोंच्या अडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिले आहे की १२, हे आधी पाहावे आणि तेवढेच व्होल्ट देणारा यूपीएस निवडावा.