पायात गोळा येऊ नये म्हणून

स्कूबा डायव्हिंगसाठी रात्रभर बसमध्ये पाय आखडून पुण्याहून मालवण गाठायचं आणि नुसत्या चहावर बोटीत चढायचं, असं करू नकोस. अंगात पाणी नसलं की पोटऱ्या लवकर धरतात. जमलं तर एक दिवस आधी पोहोच.

पण बहुतेक वेळा खरी गडबड फिन्सची, म्हणजे पाण्यात पायात घालायच्या लांब पात्यांची असते. भाड्याचे फिन्स सैल असले की ते निसटू नयेत म्हणून आपण नकळत पायाची बोटं आवळून धरतो आणि तळव्यात गोळा येतो. घट्ट असले तरी तेच. म्हणून बोटीवरच घालून बघ: टाच हलता कामा नये, बोटं मात्र मोकळी हवीत. फार कडक पात्याचे फिन्स सध्या नकोच.

किक मांडीतून मार, सायकल चालवल्यासारखी गुडघ्यातून नको. हे इथल्या स्विमिंग टँकवरच फिन्स घालून घटवून घे.

तरीही गोळा आलाच तर थांब, श्वास चालू ठेव, बडीला (पाण्यातल्या आपल्या जोडीदाराला) मुठीची उघडझाप करून दाखव. फिनचं टोक धरून स्वतःकडे ओढ आणि गुडघा हळूहळू सरळ कर. घाबरून झपकन वर यायचं नाही. सुटल्यावर सावकाश पोह. पुन्हा पुन्हा यायला लागला तर बडीला सांगून डाइव्ह तिथेच संपव, पैसे गेले तरी चालतील.