ब्रिटनमध्ये गेलेले पोलिश लोक तिथल्या आयुष्याशी कसं जुळवून घेतात?

आधी मिळेल ते काम धरून. १ मे २००४ ला पोलंड युरोपीय संघात गेला आणि ब्रिटन, आयर्लंड, स्वीडन या तीन देशांनी लगेच नोकऱ्यांची दारं उघडली. पदवीधर पोरं गोदामात, हॉटेलात, बांधकामावर राबली. इंग्रजी सुधारल्यावर काहीजण आपल्या मूळ क्षेत्रात परतले, अनेकांना ते जमलं नाही. ही किंमत मला फार मोठी वाटते.

पण ते अगदीच परक्या ठिकाणी आले नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या कायद्याने पोलिश सैनिक आणि त्यांची कुटुंबं ब्रिटनमध्ये वसली होती. त्यांची चर्च, क्लब आणि विशेषतः शनिवारच्या शाळा नव्यांच्या कामी आल्या. आठवडाभर इंग्रजी शाळा, शनिवारी पोलिश भाषा, इतिहास, भूगोल. सुट्टीचा दिवस मुलंही देतात, आईवडीलही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ६ लाख १२ हजार लोकांनी पोलिश ही आपली मुख्य भाषा सांगितली.

नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवायची त्यांची प्रथा आहे. ती लंडनच्या भाड्याच्या खोलीतही पाळली जाते.