सोनोग्राफी नॉर्मल, मग पाळीत एवढं दुखतं कशानं?

"मॅडम, सोनोग्राफीत काईच नाई निंघालं. मंग दुखते कायले?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयात समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. रिपोर्ट नॉर्मल आला की बाईला हायसं वाटायला हवं. पण तिला धास्ती असते, आता घरचे म्हणतील, नाटकं करते.

अशीच एक चोविशीतली सून सासूसोबत आली होती. कापसाची वेचणी किलोवर, त्यामुळे पाळीत घरी बसली की मजुरी बुडायची. माहेरी आई म्हणायची, लग्न झालं की थांबते. आता सासू म्हणत होती, लेकरू झालं की थांबते. डॉक्टरांना तिनं 'पोट दुखते' एवढंच सांगितलेलं. सासूबाईंना थोडा वेळ बाहेर बसवून मी विचारलं, पाळीत संडासला बसताना कळ येते का? नवऱ्याजवळ असताना आत खोल दुखतं का? दोन्हीला ती मान खाली घालूनच 'हो' म्हणाली. घरच्यांच्या देखत हे कोणती सून बोलेल? मी ते चिठ्ठीवर लिहून दिलं आणि तिला यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागात पाठवलं.

तिथं तपासणीनंतर एंडोमेट्रिओसिसची दाट शक्यता सांगितली. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर या आजारात पिशवीच्या बाहेर, अंडाशयावर किंवा ओटीपोटात वाढतो. त्यामुळे तिथं सूज येते, कधी अवयव एकमेकांना चिकटतात. जगात मूल होण्याच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायकांना हा आजार असतो. अंडाशयावर गाठ असेल तर ती सोनोग्राफीत दिसते, या थराचे बारीक डाग बहुधा दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असला तरी दुखणं खरंच असतं. पूर्वी खात्रीसाठी दुर्बिणीची तपासणी लागेच. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरूनही औषध सुरू करता येतं.

तिला वेदनाशामक आणि डायनोजेस्ट या हार्मोनची रोजची गोळी मिळाली. मधेमधे कपड्याला रक्ताचे डाग लागले तशी ती घाबरून गोळी बंद करायला निघाली. सुरुवातीला असं होतं, स्वतःहून सोडू नको, डॉक्टरांना दाखव, असं मी सांगितलं. हळूहळू कळा पुष्कळ कमी झाल्या. हा आजार मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहू शकतो. गोळ्यांनी भागलं नाही, तर दुर्बिणीतून डाग आणि गाठी काढतात.

सासूबाईंनी मात्र मला गाठलंच. "पिशवीच काढून टाकली त?"

मी म्हटलं, "आत्याबाई, दुखणं पिशवीच्या बाहेरही आहे. पिशवी काढली तरी ते राहू शकते, अन् लेकरू तर कधीच होणार नाही."

"मंग लेकरू होईन?"

काहींना वेळ लागतो, उपचार लागतात. पण पुष्कळ जणींना होतं. या गोळीनं बीज बाहेर पडणं सहसा थांबतं, म्हणून दिवस हवे असतील तेव्हा डॉक्टर ती बंद करतात. तो निर्णय सुनेनं आणि मुलानं मिळून घ्यायचा, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पुढच्या तपासणीला मुलगा सोबत आला.