फॉरवर्ड कंट्रोल गाडी उतारावर घेताना

लँड रोव्हर १०१ हा फॉरवर्ड कंट्रोल, म्हणजे चालकाची केबिन अगदी पुढे असलेला, जुना लष्करी ट्रक घेऊन पहिल्यांदा उतरशील तेव्हा पोटात गोळा येणारच. आपण पुढच्या चाकांवर बसलेलो, समोर बॉनेट नाही, काचेतून थेट दरीच दिसते. गाडी आता उलटणार असं वाटतं. उतार बहुधा तेवढा नसतो. तरी आधी पायी उतरून बघून ये. वरच थांबून लो रेंज (संथ, जास्त जोराचे गिअर), पहिला गिअर, डिफ लॉक (पुढचा-मागचा अॅक्सल एकत्र फिरवणारा) टाक आणि डावा पाय क्लचपासून लांब ठेव. मी एकदा घाबरून क्लच दाबला. इंजिनाची पकड सुटली नि गाडी सुसाट निघाली. गाडीचं नाक सरळ खाली ठेव. तिरकी झाली की आडवी पडायची भीती. चाकं लॉक होऊन घसरली तर ब्रेक सोड, किंचित रेस दे. चाकं फिरली की स्टिअरिंग पुन्हा ऐकतं. मागचं सामान मात्र घट्ट बांध, नाहीतर जॅक थेट पाठीत!