पहिली कथा 'मी' म्हणून सांगू का 'ती' म्हणून?

अगं एवढं टेन्शन घेऊ नको, आधी ठरव गोष्ट कुणाची आहे. तुझ्या कथेतली विड्या वळणारी बाई 'मी' म्हणून बोलणार असेल तर सूप, तंबाखू, पानं कातरणं, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, सगळं तिच्याच बोलीत यायला पाहिजे, ती मधेच प्राध्यापकासारखी बोलली की गेलं सगळं!

हमखास चुकतं ते हे:
- 'मी' सांगतेय आणि नवऱ्याच्या मनातलंही तिला माहीत. कसं काय? तिला त्याचा चेहरा दिसतो, बास.
- 'ती' घेतलं की एकाच परिच्छेदात सासू, पोरगी, नवरा सगळ्यांच्या डोक्यात शिरणं. एका प्रसंगात एकच डोकं धर.

तरी ठरेना तर गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या, गर्दीत पोरगी हरवते तो प्रसंग दोन्हीकडून पानभर लिही, मोठ्यानं वाच, अडखळशील ते सोड. सर्वज्ञ निवेदक, म्हणजे सगळ्यांच्या मनातलं जाणणारा सांगणारा, वगैरे नंतर बघू.